आविन्योंमध्ये पाच दिवस, चौदा नाटकं

सांगलीच्या हौशी रंगभूमीवर मी तेहतीस वर्षं लाईट केले. दिवसा बँकेत काउंटर, संध्याकाळी तालीम, आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत रात्र रात्र शिडीवर. त्यामुळे हा अभिप्राय एका लाईटवाल्याचा आहे. मला फ्रेंच येत नाही. नट काय बोलत होते त्यातलं बरंच डोक्यावरून गेलं. पण दिवा कुठून येतोय आणि कशासाठी येतोय, हे पाचही दिवस मनापासून पाहिलं. इतकी नाटकं एका दमात, लाईटच्या बोर्डवर हात न ठेवता, मी पूर्वी कधीच पाहिली नव्हती.

आविन्यों, फ्रान्समधलं नाट्यमहोत्सवाचं गाव. हे नाव कानावर पडलं ते 1985 साली. मी वीस वर्षांचा होतो आणि एका नाट्यशिबिरात शिकवायला आलेल्या सरांनी सांगितलं की पीटर ब्रूक या इंग्रज दिग्दर्शकाने आविन्योंजवळच्या एका दगडाच्या खाणीत महाभारत उभं केलंय. नऊ तासांचा प्रयोग. काही रात्री तर अंधार पडताना सुरू होऊन पहाट फुटताना संपायचा. द्रौपदी आपल्या मल्लिका साराभाई. बाकीची मुलं द्रौपदीविषयी विचारत होती. मी मात्र त्या रात्री झोपलोच नाही. शेवटच्या प्रवेशाला खरा सूर्य येतो म्हणजे काय, याचाच विचार करत राहिलो. चाळीस वर्षांनी, 2025 च्या जुलैत, तिथे जायचा योग आला. धाकटी मुलगी फ्रान्समधल्याच ल्यों शहरात संशोधन करते. "बाबा, मे महिन्यात नका येऊ. जुलैतच या, आपण आविन्योंला जाऊ," असं तिने जानेवारीतच बजावलं होतं.

ल्योंहून वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आतबाहेर लागतो. वेगवान गाड्यांचं स्टेशन गावाबाहेर आहे. तिथून छोट्या गाडीने पाच-सहा मिनिटांत गावातल्या स्टेशनावर उतरायचं. समोरच तटबंदी. हे गाव अजून जवळजवळ सव्वाचार किलोमीटरच्या दगडी तटाच्या आत आहे, आणि तो तट ठिकठिकाणी पडलेला वगैरे नाही, सलग आहे. वेशीतून आत शिरलं की सरळ रस्ता चौकात जातो आणि चौकापलीकडे पोपचा राजवाडा. चौदाव्या शतकात, 1309 पासून जवळपास सत्तर वर्षं, पोप रोममध्ये नव्हे तर इथे राहत होते. म्हणून एवढ्याशा गावात एवढा अवाढव्य दगडी वाडा. 1947 साली ज्याँ विलार नावाच्या नट-दिग्दर्शकाला याच वाड्यात एका चित्रप्रदर्शनाच्या निमित्ताने नाटक करायला बोलावलं. त्या सप्टेंबरात त्याने एक सोडून तीन नाटकं केली. तिथून हा महोत्सव सुरू झाला, आणि आता दर जुलैत तीन आठवडे चालतो.

जाणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यावी, नाहीतर गोंधळ उडतो. इथे एकाच वेळी दोन महोत्सव असतात. एक 'इन', म्हणजे विलारचा मूळ, निवडक नाटकांचा. 2023 पासून त्याची सूत्रं पोर्तुगालच्या तियागो रोद्रिगेश यांच्याकडे आहेत, आणि दरवर्षी एक भाषा पाहुणी म्हणून बोलावतात. आम्ही गेलो त्या वर्षी अरबी होती. दुसरा 'ऑफ'. 1966 साली आँद्रे बेनेदेतो या गावातल्याच नाटकवाल्याने आपल्या छोट्या थिएटरात, महोत्सवाच्या बाहेर राहून नाटक लावलं, त्याचं हे झाड. आज ऑफमध्ये दीड हजारांहून जास्त नाटकं होतात, शंभराहून जास्त जागी. निवड समिती नाही. ज्याला जमेल त्याने जागा भाड्याने घ्यायची आणि प्रयोग लावायचा. आम्ही पाच दिवसांत चौदा नाटकं पाहिली: दोन इनची, बारा ऑफची.

गावात पाय ठेवला की आधी दिसतात ती पोस्टरं. खांब, खिडकीचे गज, झाडाभोवतीचं कुंपण, गटाराचा उभा पाइप, जिथे सुतळी बांधता येईल तिथे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं पोस्टर टांगलेलं. डिंक नाही, खिळा नाही, सगळं सुतळीवर. एका खांबावर मी अकरा मोजली. आणि त्या पोस्टरांखाली नट स्वतः उभे. राजाच्या वेशातला माणूस, तोंडाला रंग लावलेली बाई, रस्त्यात पाच मिनिटांचा प्रवेश करून दाखवणारी चार पोरं. हातात पत्रक देतात, आणि नुसतं देत नाहीत, थांबून सांगतात की नाटक कशाविषयी आहे, तुम्हाला का आवडेल. मुलीने एकाला सांगितलं की माझ्या वडलांना भाषा येत नाही. तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, माझ्या नाटकात शब्द फार आहेत, तुम्ही त्या पलीकडच्या बाईचं बघा, ती बोलत नाही. दुसऱ्याच्या नाटकाला प्रेक्षक पाठवणारा नट! त्या पलीकडच्या बाईचा बाहुल्यांचा प्रयोग आमच्या चौदांतला दुसऱ्या नंबरचा ठरला.

पहिला नंबर कुणाचा, ते सांगतो. त्याआधी राजवाड्याचं.

वाड्याच्या मुख्य चौकात, ज्याला 'कूर दॉनर' म्हणतात, सुमारे दोन हजार प्रेक्षक बसतात. प्रयोग रात्री दहाला, कारण जुलैत साडेनवापर्यंत तिथे उजेड असतो आणि उघड्या आकाशाखाली अंधार मागवता येत नाही. बाहेर संध्याकाळपासून काही माणसं पुठ्ठ्यावर 'एक तिकीट हवंय' असं लिहून उभी असतात, आणि त्यांना मिळतंही. आमची तिकिटं मुलीने विक्री सुरू झाली त्याच दिवशी काढली होती. आत गेलो तेव्हा आकाश अजून निळं होतं. समोर वाड्याची भिंत. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय तिचा वरचा कडा दिसत नाही. भिंतीत खिडक्या आहेत, त्याही एका रांगेत नाहीत. पाकोळ्यांसारखे पक्षी थव्याने भिंतीला घासून किंचाळत फिरत होते. मग उजेड उतरत गेला. दगड आधी पिवळा होता, मग राखाडी, मग नुसता काळा, आणि पक्षी एकदम गप्प झाले.

आणि तुतारी वाजली. आपल्याकडे तिसरी घंटा असते तशी इथे तुतारीची सुरावट असते, मोरिस जार या संगीतकाराने विलारसाठी बांधलेली. हेच जार पुढे मोठमोठ्या चित्रपटांचे संगीतकार म्हणून जगाला माहीत झाले. इनच्या प्रयोगाआधी ती वाजते आणि दोन हजार माणसं बोलायची थांबतात. मी तिसऱ्या घंटेला कायम बोर्डवर असायचो. प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू खाली घेताना छातीत जे व्हायचं, तेच तिथे सांगलीपासून हजारो किलोमीटरवर झालं. शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीने न बोलता माझा हात धरला. ती तेहतीस वर्षं ऑडिटोरियमच्या अंधारात एकटीच बसलेली आहे. प्रयोगाला मी तिच्या शेजारी असण्याची ही पहिली वेळ.

प्रयोग केप व्हर्डमध्ये जन्मलेल्या मार्लेन मोंतेरो फ्रेइतास यांचा होता, अरेबियन नाइट्सवरून सुचलेलं नृत्य. महोत्सवाचं उद्घाटन याच प्रयोगाने झालं होतं. मला त्यातलं सगळं भिडलं असं म्हणणार नाही. पण माझं लक्ष राहून राहून त्या भिंतीकडे जात होतं. उघड्या चौकात डोक्यावर ग्रिड, म्हणजे दिवे टांगायचा सांगाडा, नाही. वरून सरळ दिवा टाकताच येत नाही. जे काही आहे ते बाजूंनी आणि समोरून, लांबून. एवढ्या मोठ्या भिंतीपुढे माणूस वेगळा काढायचा म्हणजे भिंतीवर सांडणारा उजेड आधी आवरायला लागतो. गावाकडच्या छोट्या स्टेजवर आम्ही सायक्लोरामावर, म्हणजे मागच्या मोठ्या पडद्यावर, सावली पडू नये म्हणून जी धडपड करायचो, तीच धडपड इथे शंभरपट मोठी. दुसऱ्या दिवशी गावातल्या 'मेझों ज्याँ विलार' या संग्रहालयात गेलो, तेव्हा कळलं की विलारनेही हेच केलं होतं: नेपथ्य जवळजवळ नाही, उघडा रंगमंच, आणि बाकी सगळं पोशाखांवर आणि दिव्यांवर. त्याच्या प्रकाशयोजनाकाराचं नाव पिएर सावेरों. ते नाव मी वहीत लिहून घेतलं. विलारचं नाव साऱ्या जगाला माहीत आहे. दुसरंही माहीत असायला हवं.

थंडीचं मात्र सांगायलाच हवं. दुपारी पस्तीसच्या पुढे ऊन आणि रात्री त्या चौकात मिस्त्राल वारा सुटला की दात वाजतात. हा उत्तरेकडून रोन नदीच्या खोऱ्यातून येणारा कोरडा वारा आहे. शाल न्या, दोन न्या.

आता पहिला नंबर. रंगाऱ्यांची म्हणून एक जुनी गल्ली आहे, रू दे तँत्युरिए. एका बाजूने सोर्ग नदीचा पाट वाहतो, त्यावर लाकडी पाणचक्क्या, वर मोठमोठे चिनार. इथे पूर्वी छापील सुती कापड निघायचं, आणि त्या कापडाचं फ्रेंच नावच 'इंडियेन', कारण नमुना आपल्याकडच्या छिटाचा. लाल रंगासाठी या भागात अठराव्या शतकापासून मंजिष्ठेची शेती होती. हे वाचलं तेव्हा माझ्या पत्नीने पाटाच्या कठड्यावर असा हात फिरवला, जसा एखाद्या माहेरच्या भांड्यावर फिरवावा.

त्या गल्लीजवळ एका जुन्या कारखान्यात नव्वद खुर्च्यांचं थिएटर आहे. सकाळी दहापासून रात्री अकरापर्यंत तिथे सात वेगवेगळ्या कंपन्या सात वेगवेगळी नाटकं करतात, रोज, तीन आठवडे. एक संपतं आणि दुसरं सुरू होतं यात पंचवीस मिनिटं. त्यात आधीच्यांनी आपलं सामान उचलायचं, पुढच्यांनी लावायचं, प्रेक्षक बाहेर, प्रेक्षक आत. आम्ही पाहिलं ते एका बाईचं एकपात्री, आजीच्या स्वयंपाकघराविषयी. टेबल, एक पातेलं, दोरीवर वाळत घातलेली चार फडकी. शब्द मला कळले नाहीत. पण एका जागी ती पातेल्याचं झाकण उघडते आणि आतून उजेड येतो, पिवळसर, वाफेसारखा थरथरणारा, आणि तिचा चेहरा एकदम सत्तर वर्षांचा होतो. पातेल्यात दिवा ठेवला होता, एवढंच. मला रडू आलं.

प्रयोग संपल्यावर तिने नमस्कार केला आणि पुढे येऊन प्रेक्षकांना सांगितलं की आवडलं असेल तर चार जणांना सांगा, आमच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत. ऑफमधला जवळजवळ प्रत्येक नट हे सांगतो. यांचा सगळा हिशेब अंगावरचा असतो: थिएटरचं भाडं, राहणं, पोस्टरं, सगळं स्वतःचं. प्रेक्षकांत वेगवेगळ्या गावांच्या थिएटरांची माणसं बसलेली असतात. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना आवडलं तर वर्षभराचे प्रयोग मिळतात. नाहीतर कर्ज घेऊन घरी. आपल्याकडे पदरमोड करून मुंबईत शिवाजी मंदिरला प्रयोग लावणारे जसे शेवटच्या रांगेकडे बघत राहतात, तशी तिची नजर दाराकडे होती.

लोक उठले आणि मी मागे वळून बूथकडे, म्हणजे लाईट-साऊंड चालवायच्या जागेकडे, पाहिलं. एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, लाईट आणि साऊंड दोन्ही तिच्याकडेच. माझी मुलगी तिला म्हणाली की बाबा आमच्या गावी हेच काम करतात. तिच्याकडे वीस मिनिटं होती, तरी तिने मला बूथच्या पायरीवर घेतलं. भिंतीवर एक कागद चिकटवलेला: लाईटचा प्लॅन, सातही नाटकांसाठी एकच. दिवे हलवायला वेळच नाही, म्हणून सगळ्यांना सामायिक दिवे, आणि प्रत्येक कंपनीला आपले म्हणून दोन-तीन. राज्य नाट्य स्पर्धेतला आमचा प्लॅन अगदी असाच असायचा. कागदावर प्रत्येक दिव्याच्या बाजूला जेलचा, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत फिल्टरचा, नंबर. मी एकावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "वन सेव्हन्टीन." ती हसली, म्हणाली, "सां दीसेत." एकशे सतरा, स्टील ब्लू. रात्रीच्या प्रवेशाला तेहतीस वर्षं मी हाच वापरला. भावे नाट्यमंदिरात वापरला, इस्लामपूरच्या मंडपात वापरला. ती तिच्या भाषेत नंबर सांगत गेली, मी माझ्या, एकशे तीन, एकशे सहा, एकशे एकोणीस, आणि मधे दुभाष्याची गरज राहिली नाही. मग पुढच्या कंपनीची माणसं शिडी घेऊन आत आली. तिने मान डोलावली आणि कामाला लागली.

एक नाटक आमचं बुडालं, तेही सांगतो, कारण तुमचं बुडू नये. अकरा वाजून दहा मिनिटांचं होतं, आम्ही अकरा वाजून तेरा मिनिटांनी पोचलो. दार बंद. तिकीट हातात असून आत घेतलं नाही, पैसेही परत नाहीत. मुलगी चिडली. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. दार उघडून आत येणाऱ्या माणसासोबत बाहेरच्या दालनाचा पांढरा उजेड स्टेजवर कसा येतो, हे मी आयुष्यभर सोसलंय. दोन नाटकांच्या मधे किमान तासभर ठेवा. गाव छोटं आहे, पण गल्ल्या वाकड्या आहेत आणि रस्त्यात प्रत्येक नट थांबवतो. शिवाय ऑफमधल्या बहुतेक नाटकांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, ती तारीख कार्यक्रमपत्रिकेत पाहून ठेवा. तिकिटं साधारण पंधरा ते पंचवीस युरो. ऑफचं सवलतीचं कार्ड घेतलं की तीस टक्के कमी. पाचपेक्षा जास्त नाटकं पाहणार असाल तर घ्याच. भाषा येत नसेल तर बाहुल्या, मूकनाट्य, नृत्य, सर्कस यांची नाटकं निवडा. इनच्या बऱ्याच प्रयोगांना संवादांचं इंग्रजी भाषांतर वर दिसतं, ऑफमध्ये क्वचित.

राहण्याने मात्र त्रास दिला. मोबाईलवरून घेतलेली खोली "तटापासून दहा मिनिटं" म्हणून लिहिली होती. चालून पाहिलं तर चाळीस मिनिटं, हमरस्त्याच्या कडेने, आणि रात्री साडेबाराला बस नाही. माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात. दोन रात्री आम्ही तसे चाललो. तिसऱ्या दिवशी मुलीने नदीपलीकडे बार्तलास बेटावर तंबूची जागा मिळवली आणि सगळं सुधारलं. दिवसा फुकटची होडी आहे, रात्री पुलावरून चालत. त्या पुलावरून मागे पाहिलं की राजवाडा उजळलेला, आणि शेजारी तो जुना पूल, बाविसातल्या चारच कमानी उरलेला, नदीच्या मधेच थांबलेला. रोज रात्री आम्ही तिथे दहा मिनिटं उभे राहिलो.

खाण्याचं थोडक्यात: सकाळी झाकल्या मंडईत जर्दाळू, पीच आणि कावायोंची खरबुजं घ्या. शाकाहाऱ्यांनी वांग्याचं 'पापतों' मागावं, गावचा पदार्थ आहे, मऊ वड्यासारखा. पण त्यात अंडं असतं, हे आधी विचारून घ्या. हॉटेलात साधं पाणी मागितलं की सुरईभर फुकट देतात.

आणि खाण, ब्रूकच्या महाभारताची. बुल्बोंची ती खाण गावापासून पंधराएक किलोमीटरवर आहे, महोत्सवाची बस नेते. आमचं दुसरं इनचं तिकीट तिथलंच होतं. प्रयोग नृत्याचा होता आणि चांगला होता, पण मी तासभर आधीच जाऊन बसलो होतो. पांढरट दगडाचा उभा कडा, अर्धगोल, हाक मारली की परत येते. कुठे आग पेटवली असेल, पाणी कुठे साठवलं असेल, हे मनात बसवत होतो. पूर्व कुठली ते फोनवर पाहिलं. मग त्या बाजूच्या कड्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि सरांची आठवण काढली. ते आता नाहीत. असते तर रात्रीच फोन केला असता.

शेवटच्या सकाळी मिस्त्राल जोरात सुटला होता. गावभर पोस्टरं उडत होती, सुतळ्या तुटून लोंबत होत्या. स्टेशनाच्या वाटेवर ती पातेलंवाली बाई दिसली. एकटीच शिडी लावून खांबावर आपलं पोस्टर परत बांधत होती आणि शिडी हलत होती. मी बॅग पत्नीकडे दिली आणि शिडी धरली. तिने खाली पाहिलं, ओळखलं, काहीतरी म्हणाली, ते वाऱ्यात गेलं. "बाबा, गाडी चुकेल," मुलगी म्हणाली. गाडीला चाळीस मिनिटं होती. दुसऱ्या टोकाची गाठ बसेपर्यंत मी शिडी सोडली नाही.